यंत्राच्या आवाजात हवामानाचा इशारा: मजकुरापासून भोंग्यापर्यंत

वादळाचा इशारा ऑफिसची वेळ बघून येत नाही. सामुदायिक रेडिओ केंद्रात रात्री अडीचला निवेदक नसतो, ग्रामपंचायतीच्या भोंग्यापाशीही कुणी नसतं. हवामान विभागाचा तात्कालिक इशारा, म्हणजे नाउकास्ट, जास्तीत जास्त तीन तासांचा असतो. त्यातला पाऊण तास कुणाला तरी उठवून वाचायला बसवण्यात गेला, तर इशाऱ्याचा उपयोग निम्मा होतो. हे काम संगणकाच्या आवाजावर सोपवायचं असेल, तर काय लागतं, कुठल्या क्रमाने करायचं आणि कुठे फसतं, ते पुढे दिलं आहे.

अमेरिकेत हा प्रश्न १९९० च्या दशकाच्या अखेरीस हाताळला गेला. तिथल्या सरकारी हवामान संस्थेचा 'नोआ वेदर रेडिओ' १६२.४०० ते १६२.५५० मेगाहर्ट्झ या पट्ट्यातल्या सात वाहिन्यांवर, एक हजाराहून जास्त प्रक्षेपकांवरून, चोवीस तास हवामान सांगतो. पूर्वी कर्मचारी टेपवर बातमीपत्र वाचून ठेवत. एकेका कार्यालयाकडे अनेक प्रक्षेपक, त्यात वादळ डोक्यावर आलेलं, अशा वेळी वाचनाचीच रांग लागे. संगणक आला तेव्हा पहिला आवाज होता डेकटॉक या मजकूर बोलणाऱ्या यंत्रणेचा 'पॉल', एमआयटीचे संशोधक डेनिस क्लॅट यांच्या स्वतःच्या आवाजावर बेतलेला. श्रोत्यांनी नाकं मुरडली. २००२ मध्ये 'क्रेग' आणि 'डोना' आले, मागोमाग 'टॉम' आला, आणि २०१६ च्या सुमारास नव्या यंत्रणेबरोबर पुन्हा एक 'पॉल', पण अगदी वेगळा. आवाज बदलत गेले. मजकूर घ्यायचा, शब्दकोशातून गाळायचा, बोलायचा, मुदत संपली की काढून टाकायचा, ही साखळी मात्र फारशी बदलली नाही.

आवाज निवडायला एक दुपार पुरते. मजकूर साफ करायला अख्खा पावसाळा जातो. म्हणून या लेखात मजकुरावर जास्त भर आहे.

सामान

रास्पबेरी पाय ४ (४ जीबी) हा छोटा संगणक किंवा जुना लॅपटॉप पुरतो. पायच्या हेडफोन जॅकमधून बारीक खरखर येते आणि पाय ५ ला तो जॅकच नाही, म्हणून साधं यूएसबी साउंड कार्ड घ्या. संगणक आणि मिक्सर किंवा अँप्लिफायर यांच्या मध्ये १:१ चा, ६०० ओहमचा ऑडिओ आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर टाका. तो नसेल तर दोन वेगवेगळ्या सॉकेटवर लावलेल्या यंत्रांत अर्थिंगचा फेरा तयार होतो आणि आवाजामागे ५० हर्ट्झची घरघर बसते. ती सॉफ्टवेअरने घालवायच्या नादी लागू नका.

संगणक, राउटर आणि अँप्लिफायर तिन्ही यूपीएसवर हवेत. नुसता संगणक यूपीएसवर ठेवून राउटर भिंतीच्या सॉकेटला लावलेला असतो, आणि वीज गेली की सगळं चालू असूनही इशारा येत नाही.

आणखी एक स्वस्त वस्तू हमखास विसरली जाते: घड्याळ. पाय ४ ला स्वतःचं बॅटरीवरचं घड्याळ नसतं. वेळ तो इंटरनेटवरून घेतो. वीज गेली, परत आली आणि नेट बंदच राहिलं, तर त्याची वेळ मागे राहते आणि संपलेला इशारा त्याला ताजा वाटतो. डीएस३२३१ या घड्याळाचं मॉड्यूल आणि त्यात सीआर२०३२ चा सेल बसवा. पाय ५ मध्ये घड्याळ असतं, पण त्याची बॅटरी वेगळी घेऊन जोडावी लागते.

इशारा कुठून घ्यायचा

संकेतस्थळावरच्या पानावरून किंवा पीडीएफमधून मजकूर उचलू नका. पानाची मांडणी बदलली की सगळं कोसळतं, आणि पीडीएफमधली मराठी बऱ्याचदा जुन्या फॉन्टमुळे भलत्याच अक्षरांत निघते. इशाऱ्यांसाठी सीएपी नावाचा आंतरराष्ट्रीय साचा आहे आणि राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाची 'सचेत' ही यंत्रणा त्याच साच्यात इशारे देते. प्रत्येक संदेशात प्रकार, तीव्रता, क्षेत्र, सुरू होण्याची आणि संपण्याची वेळ वेगवेगळ्या रकान्यांत असते. दर दोन-तीन मिनिटांनी फीड, म्हणजे नव्या संदेशांची यादी, तपासा आणि चार रकाने डोळ्यांत तेल घालून वाचा.

स्टेटस: 'ॲक्च्युअल' असेल तरच पुढे जा. 'टेस्ट' किंवा 'एक्सरसाइज' असेल तर थांबा. ही एक अट राहून गेली की मॉक ड्रिलचा मजकूर खरा इशारा म्हणून गावभर वाजतो.

संदेशाचा प्रकार: 'अलर्ट' नवा, 'अपडेट' आधीच्याच्या जागी, 'कॅन्सल' म्हणजे रद्द. अपडेटमध्ये जुन्या संदेशाचा क्रमांक दिलेला असतो. तो रांगेतून काढला नाही तर जुना आणि नवा इशारा आळीपाळीने वाजत राहतो, तोही वेगवेगळ्या वेळा सांगत.

भाषा: एकाच संदेशात इंग्रजी आणि मराठी असे दोन भाग असू शकतात. मराठी भाग असेल तर तो घ्या. नसेल तर इंग्रजीचं यांत्रिक भाषांतर करू नका. रकान्यांतली माहिती स्वतःच्या मराठी साच्यात भरा. साचा पुढे दिला आहे.

मुदत: वेळेच्या शेवटी +०५:३० असेल तर ती भारतीय वेळ, नसेल तर साडेपाच तास मिळवावे लागतात. हा फरक चुकला की दुपारी चारचा इशारा सकाळी साडेदहालाच संपलेला दिसतो आणि यंत्र गप्प बसतं. अशी चूक महिनोन्महिने लक्षात येत नाही, कारण गप्प यंत्राबद्दल कुणी तक्रार करत नाही.

परवानगीचं आधीच बघून ठेवा. सामुदायिक रेडिओवर बातम्यांना बंधनं आहेत, पण हवामान आणि नैसर्गिक आपत्तीची सूचना त्यात मोडत नाही. भोंग्याला मात्र रात्री दहा ते सकाळी सहा बंदी आहे. ध्वनिप्रदूषण नियमांत सार्वजनिक आणीबाणीचा अपवाद आहे. रात्री काय वाजवायचं हे तहसील कार्यालयाशी बोलून लेखी ठरवा. लाल इशारा रात्री वाजावा, पिवळा सकाळपर्यंत थांबावा, इतकं साधं सूत्र पुरतं.

मजकुराची साफसफाई

नमुन्यादाखल असा एक मजकूर घेऊ:

'दि. १९/०६ रोजी १६:३० ते १९:३० वा. दरम्यान रायगड जि. (ता. महाड, पोलादपूर) येथे तुरळक ठिकाणी विजांच्या कडकडाटासह ५०-६० किमी/ता. वेगाचे वारे व पाऊस. अलर्ट: ऑरेंज'

डोळ्यांना यात काहीच अडत नाही. यंत्र मात्र 'दि' म्हणून थांबतं, १९/०६ ला 'एकोणीस भागिले शून्य सहा' म्हणू शकतं, ५०-६० ला 'पन्नास वजा साठ' करतं, आणि 'अलर्ट:' मधल्या अपूर्णविरामाला विसर्ग समजून 'अलर्टह' असा हुंदका देतं. हा शेवटचा प्रकार कीबोर्डमुळे होतो. कुणी खरा विसर्ग टाइप करतं, कुणी दोन टिंबं. दिसायला दोन्ही सारखीच. शेवटी विसर्ग असलेले खरे शब्द (अंशतः, सामान्यतः, विशेषतः) यादीत ठेवा आणि बाकी सगळीकडचा विसर्ग स्वल्पविरामात बदला.

साफसफाई ठराविक क्रमाने करा, कारण एका पायरीचं काम पुढची पायरी बिघडवू शकते.

पहिलं, अक्षरांचं एकसारखेपण. हवामानाच्या मजकुरात 'वाऱ्याचा' आणि 'किनाऱ्यावर' हे शब्द पदोपदी येतात. त्यातला अर्धा र दोन तऱ्हांनी टाइप होतो: नुक्ता (अक्षराखालचं टिंब) असलेला ऱ आणि हलन्त (पाय मोडल्याची खूण), किंवा साधा र, हलन्त आणि न दिसणारा जोडक. दुसऱ्या तऱ्हेत बरीच यंत्रं अडखळतात. एकतर शब्द मध्येच तोडतात, नाहीतर 'आर्या'सारखा 'वार्या' म्हणतात. सगळीकडे पहिलीच तऱ्हा करून घ्या. बाकीची न दिसणारी अक्षरंही याच पायरीवर काढून टाका. हे आधी झालं नाही तर पुढची शब्दांची शोधाशोध जुळतच नाही, आणि दोष शब्दकोशाचा वाटत राहतो.

दुसरं, संक्षेप. सगळ्यात डोकेदुखी 'ता.' ची. 'ता. १२' म्हणजे तारीख, 'ता. महाड' म्हणजे तालुका, 'किमी/ता.' म्हणजे तास. नियम असे लावा: मागे तिरकी रेघ असेल तर तास, पुढे आकडा असेल तर तारीख, पुढे तुमच्या तालुक्यांच्या यादीतलं नाव असेल तर तालुका. तिन्हीत बसलं नाही तर अंदाज न करता तो संदेश माणसाकडे पाठवा. 'जि.', 'वा.', 'सायं.', 'मिमी', 'किमी', '°से' यांचं सरळ आहे. फक्त लांब संक्षेप आधी बदला. 'मि' चं 'मिनिट' आधी केलं तर 'मिमी' चं 'मिनिटमी' होतं.

तिसरं, आकडे. आकडा यंत्राच्या हाती कधीही आकडा म्हणून देऊ नका. मराठीत एक ते शंभरपर्यंत जवळजवळ प्रत्येक संख्येला वेगळा शब्द आहे, आणि हिंदीच्या वळणावर तयार झालेलं यंत्र एकोणपन्नासला 'उनचास' म्हणून मोकळं होतं. शंभर शब्दांचा तक्ता स्वतः टाइप करा. अर्ध्या तासाचं काम आहे. त्यावर वेळेचे नियम चढवा: ४:१५ सव्वाचार, ४:३० साडेचार, ४:४५ पावणेपाच, आणि १:३० दीड, २:३० अडीच हे अपवाद. 'एक वाजून तीस मिनिटे' चूक नाही, पण भोंग्यावरून 'दीड' जास्त चटकन कळतं. चोवीस तासांच्या घड्याळातून पहाटे, सकाळी, दुपारी, संध्याकाळी, रात्री हे शब्द काढताना सीमा एकदाच ठरवा आणि सगळीकडे त्याच वापरा. साडेसातला 'संध्याकाळी' म्हणायचं की 'रात्री', यावर गावागणिक मतं असतात. कुठलंही चालेल, फक्त एकाच इशाऱ्यात दोन्ही नकोत.

दशांश शक्यतो वाचूच नका. हवामान विभागाच्या व्याख्येत २४ तासांत ६४.५ ते ११५.५ मिमी म्हणजे मुसळधार, ११५.६ ते २०४.४ म्हणजे अति मुसळधार, आणि त्याहून जास्त म्हणजे अत्यंत मुसळधार. श्रोत्याला त्या दशांशाचा उपयोग नाही. मात्र यातल्या कशाच्याही जागी 'अतिवृष्टी' घालू नका. महसूल खात्याच्या हिशेबात ६५ मिमीच्या वर पाऊस झाला की अतिवृष्टी धरतात, आणि शेतकऱ्याच्या कानाला तो शब्द पंचनाम्याशी आणि भरपाईशी जोडलेला असतो. भोंग्यावर 'अति मुसळधार' आणि 'अत्यंत मुसळधार' यांतला फरकही ऐकू येत नाही. म्हणून शब्दाबरोबर रंग सांगायचाच.

चौथं, ठिकाणांची नावं. अहमदनगर आणि अहिल्यानगर, उस्मानाबाद आणि धाराशिव, औरंगाबाद आणि छत्रपती संभाजीनगर, अशी जुनी-नवी दोन्ही रूपं माहितीच्या वेगवेगळ्या साठ्यांत सापडतात. दोन्ही ओळखा, बोला एकच. राज्यात ३६ जिल्हे आणि ३५८ तालुके आहेत, पण तुमच्या केंद्राला लागणारी नावं पन्नासच्या आतच असतील. ती सगळी एकदा यंत्राकडून बोलवून घ्या आणि स्थानिक माणसाला ऐकवा.

च आणि ज

लिहिताना च एकच. बोलताना 'चिपळूण' मधला वेगळा (तालव्य) आणि 'चाळीसगाव' मधला वेगळा (दंत्य). ज चंही तेच: 'जिल्हा' एक, 'जळगाव', 'जालना', 'जोरदार', 'जास्त' दुसरा. लिपीत खूण नसल्यामुळे यंत्राला हे शब्दागणिक शिकवावं लागतं. मराठी निवेदकांच्या ध्वनिमुद्रणावर तयार झालेले आवाज बहुतेक वेळा बरोबर बोलतात, नियमांवर चालणारे चुकतात.

इशाऱ्यातलाच शब्द घ्या. 'विजांचा' मध्ये ज आणि चा दोन्ही दंत्य आहेत. 'विजांच्या' मध्ये ज दंत्यच राहतो, पण य जोडल्यामुळे च तालव्य होतो. इ, ई, ए आणि य यांच्या आधी साधारणपणे तालव्य उच्चार, असा ढोबळ नियम लावता येतो. पण 'चंद्रपूर' सारखी संस्कृत वळणाची नावं अ असूनही तालव्यच राहतात. त्यामुळे नियमावर विसंबू नका, यादी करा.

यादीत दोन रकाने असतात, लिहिलेला शब्द आणि यंत्राला द्यायचा शब्द. दंत्य ज साठी नुक्ता देऊन पाहा: 'ज़ळगाव'. बरीच यंत्रं नुक्ता ओळखतात. दंत्य च साठी 'त्साळीसगाव' असं लिहून पाहा. दिसायला विचित्र वाटतं, पण हा मजकूर कुणी वाचणार नाही. दोन्ही युक्त्या प्रत्येक आवाजावर कानाने पारखून घ्या. एका आवाजावर नुक्ता गुण देतो, तर दुसऱ्यावर 'झ' च्या जवळ जातो. आवाज बदलला की यादी पुन्हा पहिल्यापासून तपासायची.

बाकी शब्दांत कुठला अ गिळायचा आणि कुठला ठेवायचा हा घोळ होतो, विशेषतः जोडनावांत. 'अक्कलकोट' मध्ये 'ल' वरचा अ उच्चारला गेला की नाव परकं वाटतं. इथे हलन्त देऊन, 'अक्कल्कोट' असं लिहून काम भागतं.

इशाऱ्याचा साचा

नोआच्या इशाऱ्याची मांडणी ठरलेली असते: कोणी दिला, काय आहे, कुठे, कधीपर्यंत. मग करायचं काय. यात फेरफार करायचं कारण नाही. वरच्या मजकुराचं बोललेलं रूप असं होईल:

'भारतीय हवामान विभागाचा इशारा. नारिंगी इशारा. रायगड जिल्हा. महाड तालुका आणि पोलादपूर तालुका. आज संध्याकाळी साडेसात वाजेपर्यंत. तुरळक ठिकाणी विजा कडकडतील. तिथे वारा ताशी पन्नास ते साठ किलोमीटर वेगाने वाहील. पाऊसही पडेल. झाडाखाली थांबू नका. पक्क्या इमारतीत जा. गुरं मोकळ्या रानातून आत आणा. हाच इशारा पुन्हा ऐका.'

सुरुवातीची वेळ यात मुद्दाम गाळली आहे, कारण प्रक्षेपण होईपर्यंत ती उलटून गेलेली असेल. इशारा पुढच्या वेळेचा असेल तर ठेवावी.

'तुरळक ठिकाणी' जपून वापरा. हवामान विभागाच्या भाषेत याचा अर्थ २५ टक्क्यांपर्यंत केंद्रांवर, म्हणजे थोड्या जागी. श्रोता ऐकतो 'तुरळक पाऊस', म्हणजे भुरभुर. मुसळधारेचा इशारा असेल तेव्हा एक वाक्य जोडा: 'पाऊस सगळीकडे नसेल, पण जिथे पडेल तिथे मुसळधार असेल.'

सूचना देताना नकारावर सगळा भार टाकू नका. मज्जाजालावर चालणारी, म्हणजे न्यूरल, यंत्रं लांब वाक्यात क्वचित एखादा शब्द गिळतात. 'समुद्रात जाऊ नये' मधला 'नये' वाऱ्यातही उडू शकतो. 'समुद्रात जाऊ नका. होड्या किनाऱ्यावरच ठेवा' असं दोन्ही बाजूंनी सांगितलं तर एक वाक्य गेलं तरी अर्थ उलटत नाही.

वाक्य दहा शब्दांच्या वर जाऊ देऊ नका, आणि दोनदा वाचूनही इशारा दोन मिनिटांत संपला पाहिजे. अमेरिकेच्या आणीबाणी प्रसारण यंत्रणेतही सर्वसाधारण संदेशाला दोन मिनिटांचीच मर्यादा आहे.

आवाज कुठला

ई-स्पीक एनजी हे मजकूर बोलणारं सॉफ्टवेअर मोफत आहे, त्यात मराठी आहे आणि जुन्यातल्या जुन्या यंत्रावर ते नेटशिवाय चालतं. आवाज जुन्या 'पॉल' च्या जातकुळीतला, रोबोटी. वेग मुळात मिनिटाला १७५ शब्द असतो, तो १२० ते १३० वर आणा; शब्दांमधलं अंतर १० मिलिसेकंदांच्या पटीत मोजतात, ते ३ ते ५ ठेवा. एवढ्याने निम्मी तक्रार मिटते.

एआय-फॉर-भारत आणि आयआयटी मद्रास यांनी तयार केलेले मराठी न्यूरल आवाज ऐकायला कितीतरी चांगले आहेत आणि स्वतःच्या संगणकावर चालवता येतात. पायवर ते सावकाश चालतात, म्हणून साच्यातली ठरलेली वाक्यं आधीच बोलवून साठवा. मायक्रोसॉफ्टचे 'आरोही' आणि 'मनोहर' किंवा गूगलचे मराठी आवाज नेटवरून मिळतात; दर्जा उत्तम, पण वादळात पहिलं जातं ते नेट. ते वापरायचे तर मागे ई-स्पीक तयार ठेवाच: उत्तर २० सेकंदांत आलं नाही की आपोआप त्याच्याकडे वळायचं. परवाना वाचायला विसरू नका. मेटाच्या एमएमएस मालिकेतला मराठी आवाज बिगर-व्यावसायिक वापरापुरताच आहे. जाहिराती घेणाऱ्या केंद्राने तो टाळलेला बरा. आणि केंद्रातल्या लोकप्रिय निवेदकाच्या आवाजाची नक्कल त्याच्या लेखी संमतीशिवाय करायची नाही.

लहान केंद्राला तिसरी वाट जास्त मानवते: रेल्वे स्थानकावरच्या उद्घोषणेसारखे माणसाच्या आवाजातले तुकडे जोडायचे. शंभर आकडे, वेळेचे शब्द, पन्नास नावं, तीसेक वाक्यं. एका बैठकीत, एकाच माइकवर, तोंडापासून वीतभर अंतरावर ध्वनिमुद्रण करा. आकडे आणि नावं दोन सुरांत घ्या, वाक्याच्या मध्ये येणारा आणि वाक्य संपवणारा. हे केलं नाही तर प्रत्येक नावावर वाक्य संपल्यासारखं वाटतं. तुकड्याच्या आधी-नंतर ३० मिलिसेकंद शांतता सोडा. मर्यादा उघड आहे: यादीत नसलेली गोष्ट याला बोलता येत नाही. पण इशाऱ्यात यादीबाहेरची गोष्ट फारशी येत नाही, आणि हा आवाज कधी शब्द गिळत नाही.

ध्वनी

एफएमसाठी फारसं काही करावं लागत नाही. १०० हर्ट्झच्या खालचं कापा आणि पातळी आधीच्या कार्यक्रमाशी जुळवा, शिखर पूर्ण पातळीच्या ३ डेसिबल खाली ठेवा. भोंग्याचं वेगळं आहे. तो खालचे सूर देऊच शकत नाही, म्हणून ३०० हर्ट्झच्या खालचं काढून टाका. नाहीतर अँप्लिफायरची ताकद न ऐकू येणाऱ्या भागावर जाते. २ ते ४ किलोहर्ट्झमध्ये ३ डेसिबल वाढवा, व्यंजनं तिथे असतात. त्याहून वाढवलं तर स आणि श कानात टोचतात.

गावात दोन भोंगे असतील तर आवाज दोनदा पोहोचतो. ध्वनी सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. जवळच्या आणि लांबच्या भोंग्यात तेवढा फरक असेल तर दुसरा आवाज सेकंदभर मागून येऊन पुढच्या शब्दावर बसतो. वाक्यांमध्ये सव्वा सेकंदाची शांतता ठेवा आणि नाव, वेळ, सूचना हे स्वतंत्र वाक्यांत तोडा. वरचा साचा तसा तुटक आहे तो यासाठीच.

इशाऱ्याआधी लक्ष वेधणारा सूर हवा. नोआवर आधी डिजिटल संकेत तीनदा, मग १०५० हर्ट्झचा सूर ८ ते १० सेकंद, आणि त्यानंतर आवाज येतो. त्या संकेताची नक्कल करू नका. अमेरिकेत खोट्या वापराबद्दल केंद्रांना मोठे दंड झाले आहेत, आणि आपल्याकडे तो ओळखणारे रेडिओ नाहीतच. अर्ध्या अर्ध्या सेकंदाने बदलणारे ८०० आणि १००० हर्ट्झचे दोन सूर सहा सेकंद पुरेत. शाळेची घंटा, रुग्णवाहिका यांच्याशी साधर्म्य नको. सूर फक्त नारिंगी आणि लाल इशाऱ्याला लावा. पिवळ्यालाही लावलात तर जुलै संपेपर्यंत त्याच्याकडे कुणी मान वळवणार नाही.

रांग आणि मुदत

प्रत्येक इशारा वाजवण्याच्या क्षणी त्याची मुदत पुन्हा तपासा, रांगेत टाकताना एकदा तपासून भागत नाही. मुदत संपायला दहा मिनिटांहून कमी उरली असतील तर नवी फेरी सुरू करू नका. लाल इशारा रेडिओवर दर १० मिनिटांनी, नारिंगी दर ३० मिनिटांनी. भोंग्यावर याच्या निम्म्या वेळाच. रद्द झालेला इशारा नुसता गप्प करू नका, 'इशारा मागे घेण्यात आला आहे' हे एकदा सांगा. संगणक सुरू झाल्यावर घड्याळाची खातरजमा होईपर्यंत काहीही वाजू नये, ही अट कार्यक्रमातच घाला.

तपासणी

बोललेली फाइल तयार झाली की तिची लांबी मोजा. एकाच आवाजात अक्षरसंख्या आणि सेकंद यांचं प्रमाण जवळपास स्थिर असतं. ते २० टक्क्यांहून जास्त हललं तर यंत्राने काही गिळलं आहे किंवा एखादा शब्द अडकून घोळवला आहे. ती फाइल टाकून ई-स्पीकची किंवा तुकड्यांची वापरा. लाल इशारा शक्य असेल तिथे माणसाने ऐकून सोडावा, पण वाट पाच मिनिटंच बघावी. पाच मिनिटांत कुणी होकार दिला नाही तर साच्यातला इशारा आपोआप जावा, कारण साचा आधीच तपासलेला आहे.

मे महिन्यात, पावसाच्या आधी, पाच-सहा जणांना बसवून चाचणी घ्या. त्यात एक वयस्कर माणूस, एक परगावचा आणि एक कामात गुंतलेला असावा. आवाज कसा वाटला हे विचारू नका; त्यावर सगळे 'बरा आहे' म्हणतात. एकदा ऐकवून तीन गोष्टी विचारा: कुठे, किती वाजेपर्यंत, काय करायचं. पिठाची गिरणी किंवा पंखा चालू असताना, भोंग्यापासून २०० मीटरवर हेच पुन्हा करा. वेळ चुकत असेल तर वेग कमी करा. ठिकाण चुकत असेल तर नावाच्या आधी अर्धा सेकंद थांबा. सूचना चुकत असेल तर वाक्य बदला.

दर आठवड्याला ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी चाचणीचा संदेश वाजवा, त्यात 'ही चाचणी आहे' हे सुरुवातीला आणि शेवटी सांगा. गप्प यंत्र बंद पडलं आहे की नुसतं शांत आहे, हे कळायला दुसरा उपाय नाही. महिन्यातून एकदा राउटर काढून टाका आणि चाचणी नेटशिवाय करा. ई-स्पीक बोललं नाही, तर नेटवरून येणाऱ्या उत्तराची वाट बघत कार्यक्रम कुठेतरी अडकला आहे, आणि ती २० सेकंदांची मर्यादा नोंदींमध्ये तपासायला हवी.